रांधणाऱ्याचे पाचारण

जोएल रोबुशाँ हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवर आले असेल. ते संत नव्हते, धर्मपंडित नव्हते, की कोणी राजकीय पुढारीही नव्हते. ते स्वयंपाकी होते. रांधणे ही ज्या देशात थोर कला मानली जाते त्या फ्रान्समधील जाणकारांनी तिघा जणांना ‘शतकातील स्वयंपाकी’ म्हणून गौरविले. त्या तिघांपैकी ते एक. २०१८ साली त्यांचे निधन झाले तेव्हा युरोप, आशिया आणि अमेरिका या तीन खंडांतील त्यांच्या भोजनगृहांना मिळून तीसहून अधिक मानाच्या तारका लाभल्या होत्या. जगात दुसऱ्या कोणाही स्वयंपाक्याच्या नावावर तेव्हा इतक्या तारका नव्हत्या.

ख्रिस्ती कुटुंबांच्या त्रैमासिकात अशा माणसाविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, हा माणूस वयाच्या बाराव्या वर्षी धर्मगुरू होण्याच्या इच्छेने सेमिनरीत दाखल झाला होता आणि पंधराव्या वर्षी ती सोडून बाहेर पडला होता. त्यांचा जीवनपट वाचताना आमचे मन पुनःपुन्हा त्या तीन वर्षांपाशी घुटमळत राहिले. जगाने त्यांच्या तारका मोजल्या. आम्हांला मात्र त्या मुलाविषयी कुतूहल वाटले. सेमिनरीची पायरी उतरून खाली आलेल्या पंधरा वर्षांच्या त्या मुलाने आपल्याबरोबर काय नेले असेल?

रोबुशाँ यांचा जन्म ७ एप्रिल १९४५ रोजी प्वातिये या शहरी झाला. ख्रिस्तसभेच्या इतिहासात हे नगर अपरिचित नाही. चौथ्या शतकात संत हिलरी यांनी येथेच बिशपपद भूषविले आणि ख्रिस्ताच्या देवत्वाच्या बाजूने लेखणी झिजवली. मात्र रोबुशाँ कुटुंबाचा संबंध धर्मग्रंथांशी नव्हता, विटा आणि चुन्याशी होता. वडील गवंडी, आई लोकांच्या घरी साफसफाईचे काम करणारी, आणि घरात चार मुले. जोएल जन्मले तेव्हा युरोपातील महायुद्ध संपायला महिना उरला होता. युद्ध थांबल्यावरही काही वर्षे फ्रान्समध्ये पाव, लोणी, साखर शिधापत्रिकेवरच मिळत असे. लोण्याचे मोल काय असते हे त्या पिढीला पुस्तकात वाचावे लागले नाही.

बाराव्या वर्षी त्यांनी मोलेआँ येथील लहान सेमिनरीत प्रवेश घेतला. लहान सेमिनरी म्हणजे काय हे आमच्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. पहाटेची घंटा, थंड पाणी, प्रार्थनामंदिरातील लाकडी बाके, लॅटिनचे पाठ, मौनाचे तास, आणि घराची आठवण आली की उशीत तोंड खुपसून केलेले रडणे. जगाच्या पाठीवर कोठेही गेले तरी त्या काळच्या सेमिनऱ्यांची दिनचर्या साधारण एकाच साच्यातली होती. मुलांना कामे वाटून दिलेली असत. जोएलच्या वाट्याला स्वयंपाकघर आले. तेथे धर्मभगिनी रांधत असत. भाज्या सोलणे, निवडणे, चुलीवर लक्ष ठेवणे यांत तो त्यांना मदत करू लागला. स्वयंपाकाची गोडी आपल्याला त्या सिस्टरांच्या संगतीत लागली, असे त्यांनी पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही सांगितले. त्या भगिनींची नावे कोठल्याच पाककोशात नोंदलेली नाहीत. पण शतकातील एका थोर स्वयंपाक्याची पहिली शाळा कोणती, असे विचारले तर उत्तर एकच आहे: सेमिनरीची चूल.

पंधराव्या वर्षी तो मुलगा सेमिनरीतून निघाला आणि प्वातिये येथील एका हॉटेलात उमेदवारी करू लागला. येथे आम्हांला जरा थांबावेसे वाटते, कारण आपल्या समाजातील एक दुखरी जागा येथे आहे.

आम्ही सेमिनरीत गेलो तेव्हा आमच्या तुकडीत सव्वीस मुले होती. गुरुदीक्षा मिळाली ती सहा जणांना. उरलेले वीस जण कोठे गेले? कोणी शिक्षक झाले, कोणी बँकेत लागले, एकाने बेकरी काढली, एक आखाती देशात गेला, एक जण वडिलांच्या वाडीत परतला. त्यांच्यापैकी बहुतेकांनी चांगले संसार केले. पण ज्या दिवशी ते ट्रंक घेऊन गावी उतरले त्या दिवशीची हकिकत विचारली तर आज साठीला टेकलेले हे गृहस्थही खालच्या आवाजात बोलू लागतात. पोरगा सेमिनरीत जाताना गाव वेशीपर्यंत पोहोचवायला जातो, चर्चमध्ये घोषणा होते, आईच्या गळ्यात पडून बाया आनंदाश्रू ढाळतात. तोच पोरगा परत आला की घरी कोणी फिरकत नाही. कुजबूज मात्र घरोघर फिरते.

पूर्वी आम्ही ज्या एका धर्मग्रामात सेवेला होतो तेथील एका मातेची आठवण येथे सांगावीशी वाटते. तिचा मुलगा चार वर्षांनी परत आला. ही बाई दर रविवारी दुसऱ्या मिस्साला पुढच्या बाकावर बसणारी. ती पहाटेच्या मिस्साला येऊन दाराजवळ, खांबाआड बसू लागली. एके दिवशी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “फादर, देवाला दिलेली वस्तू देवाने परत केली. आमच्या घरात काय खोट होती?” आम्ही तिला म्हटले, “बाई, देवाने परत केली नाही. देवाने ती दुसऱ्या कामाला लावायला काढली आहे. काम कोणते ते कळायला वेळ द्या.” तिचे समाधान झाले असे म्हणवत नाही. पण तो मुलगा पुढे परिचारकाचे शिक्षण घेऊन इस्पितळात लागला. रात्रपाळीला म्हाताऱ्या रुग्णांची कूस बदलणारे त्याचे हात आम्ही पाहिले आहेत. सेमिनरीत शिकलेला संयम त्या हातांत उतरला होता.

‘पाचारण’ हा शब्द आपण फार अरुंद करून ठेवला आहे. दीक्षा झाली तर पाचारण, नाही तर अपयश, असे दोनच कप्पे आपण केले आहेत. देवाच्या घरात इतके कमी कप्पे असतील असे आम्हांला वाटत नाही. रोबुशाँ अखेरपर्यंत किती श्रद्धाळू होते याचा निवाडा आम्ही करणार नाही. माणसाचे अंतःकरण देव जाणे. आम्हांला दिसते ते इतकेच की, सेमिनरीने लावलेले वळण त्यांच्या हातांतून गेले नाही.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९६६ साली, ते फ्रान्समधील कारागिरांच्या एका जुन्या परंपरेत सामील झाले. तिला कॉम्पान्यों म्हणतात. सुतार, पाथरवट, लोहार यांच्या या संघांची मुळे मध्ययुगात, कॅथेड्रले उभी राहत होती त्या काळापर्यंत मागे नेली जातात. तरुण कारागिराने गावोगाव हिंडावे, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या उस्तादाच्या हाताखाली राबावे, संघाच्या घरात एका पंगतीला जेवावे आणि अशी देशाची प्रदक्षिणा पुरी करून मग स्वतः उस्ताद व्हावे, अशी रीत. प्रॉव्हाँस प्रांतातील सँत-बोम येथील मरिया माग्दालेनेच्या गुहेची यात्रा ही या कारागिरांची जुनी परंपरा आहे. या प्रवासात आपण हाताने काम करण्याबरोबर नीतीने काम करायला शिकलो, अशी कृतज्ञता रोबुशाँ व्यक्त करीत असत.

कॉम्पान्यों या शब्दाचा अर्थ मोठा गोड आहे. लॅटिनमध्ये ‘कुम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकर. जो आपल्यासोबत भाकर मोडून खातो तो सोबती. याच ‘पानिस’चा पोर्तुगीजांनी ‘पाँव’ केला आणि त्यांच्या गलबतांतून तो आपल्या किनाऱ्याला लागून मराठीत ‘पाव’ झाला. मिस्सामध्ये जी भाकर मोडली जाते, कारागिरांच्या पंगतीत जी वाटली जाते आणि सकाळी आपल्या दारी जी सायकलवरून येते, तिन्हींचे नाव मुळात एकच. रांधणारा आणि खाणारा यांच्यात जर नाते असेल तर ते या शब्दात साठवलेले आहे.

पुढची चढण झपाट्याची होती. १९७४ साली, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, पॅरिसमधील कॉन्कॉर्द लाफायेत या प्रचंड हॉटेलात ते मुख्य स्वयंपाकी झाले. हाताखाली सुमारे नव्वद माणसे. १९७६ साली त्यांनी ‘फ्रान्सचा सर्वोत्तम कारागीर’ हा किताब मिळविला. हा किताब वशिल्याने मिळत नाही. कठोर परीक्षेत स्वतःच्या हाताने काम करून दाखवावे लागते आणि मग सदऱ्याच्या कॉलरवर राष्ट्रध्वजाचे तीन रंग लावण्याचा अधिकार मिळतो. १९८१ च्या अखेरीस त्यांनी पॅरिसमध्ये ‘जामँ’ नावाचे लहानसे भोजनगृह हाती घेतले. आणि मग फ्रान्समध्ये पूर्वी न घडलेली गोष्ट घडली. १९८२ साली एक तारका, १९८३ साली दोन, १९८४ साली तीन!

या तारकांची कथाही जाणून घेण्यासारखी आहे. मिशेलिन ही मोटारींचे टायर बनविणारी कंपनी. मोटारी रस्त्यावर अधिक धावल्या तर टायर अधिक खपतील, या हिशेबाने तिने १९०० साली वाटसरूंसाठी एक मार्गदर्शिका छापली. १९२६ पासून चांगल्या भोजनगृहांना त्यात तारका मिळू लागल्या. पुढे एक, दोन आणि तीन अशा पायऱ्या झाल्या. एक तारका म्हणजे आपल्या वर्गात उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे असे. तीन म्हणजे केवळ तेथे जेवण्यासाठी प्रवास करावा असे. कंपनीचे परीक्षक नाव न सांगता येतात, सामान्य गिऱ्हाइकासारखे जेवतात, बिल भरतात आणि निघून जातात. समोरचा माणूस परीक्षक आहे की कोणी थकलेला प्रवासी, हे रांधणाऱ्याला कळत नाही. म्हणून त्याला प्रत्येक ताट सारख्याच काळजीने वाढावे लागते. हे वाचताना मत्तयच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दिवसाचे चित्र आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. तेथेही भुकेलेल्याच्या रूपाने कोण आले होते हे वाढणाऱ्यांना ठाऊक नव्हते. फरक इतकाच की, त्या परीक्षकाजवळ बिल भरायला पैसे नसतात.

रोबुशाँ यांच्या ताटात काय होते? मत्स्यांडी होती, झिंगे होते, किमती छत्रकेही होती. पण त्यांचे नाव जगभर झाले ते एका साध्या पदार्थामुळे, कुस्करलेल्या बटाट्यामुळे. आपली कीर्ती या बटाट्यावर आणि हिरव्या पाल्याच्या कोशिंबिरीवर उभी आहे, असे ते स्वतः सांगत. बटाटा हे फ्रान्समध्येही एके काळी गरिबाचे, किंबहुना जनावराचे अन्न मानले जाई. अठराव्या शतकात पारमाँतिए नावाचा एक फ्रेंच औषधशास्त्री प्रशियाच्या कैदेत सापडला. तेथे बटाटे खाऊन तो तगला आणि मायदेशी परतल्यावर, दुष्काळात बटाटा लोकांना वाचवील हे पटवून देण्यासाठी त्याने जन्म वेचला. जो बटाटा पोर्तुगीजांनी आपले नाव देऊन आपल्या किनाऱ्यावर आणला तोच हा बटाटा.

रोबुशाँ यांची कृती त्यांच्या पुस्तकांत छापलेली आहे. त्यात काहीही लपवलेले नाही. ‘रात’ नावाच्या जातीचे, बोटाएवढे लांबट बटाटे एक किलो घ्यावेत. साली न काढता, थंड मिठाच्या पाण्यात टाकून मग ते उकडावेत. गरम असतानाच सोलावेत. बारीक जाळीच्या हातयंत्रातून दांडा फिरवीत ते उतरवावेत. मग पातेल्यात मंद आचेवर चारपाच मिनिटे लाकडी उलथन्याने हलवीत त्यांतले पाणी आटवावे. नंतर पाव किलो थंडगार लोणी, एकेक तुकडा टाकीत, जोराने घोटून त्यात मुरवावे. शेवटी उकळते दूध बारीक धारेने सोडीत घोटणे चालूच ठेवावे. आणि अधिक मऊपणा हवा असेल तर सगळे पुन्हा अगदी बारीक चाळणीतून गाळावे. बटाटा, लोणी, दूध, मीठ. पाचवी वस्तू नाही. आमच्या कोणत्याही भगिनीला ही कृती एका वाचनात पाठ होईल. तरी ती तंतोतंत करणारे थोडे. कारण पाणी आटवण्याचा कंटाळा येतो, लोणी एकदम टाकून द्यावेसे वाटते, दुसऱ्यांदा गाळण्याची गरज वाटत नाही. रहस्य असलेच तर ते कंटाळा न करण्यात आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जो नियम लिहिला त्यात भांडारपालाला एक आज्ञा आहे: मठातील सारी भांडीकुंडी आणि अवजारे त्याने वेदीवरील पवित्र पात्रांइतक्या आदराने हाताळावीत. तोच नियम सांगतो की, मठवासीयांनी आठवड्याच्या पाळीने एकमेकांसाठी स्वयंपाक करावा आणि पाळी संपताना इतरांचे पाय धुवावेत. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात बंधू लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. स्वयंपाकघराचे काम त्यांना स्वभावतः आवडत नसे. पण अनेक वर्षे ते त्यांनी देवाच्या सहवासात केले, इतके की तव्यापाशी आणि वेदीपाशी त्यांना अंतर वाटेनासे झाले. ज्या शहरात या बंधूने भांडी घासली त्याच शहरात तीन शतकांनंतर रोबुशाँ यांनी बटाटा दोनदा गाळला. दोघांची उद्दिष्टे एक होती असे आम्ही म्हणत नाही. पण लहान काम मोठ्या काळजीने करण्याची सवय ही त्या देशातील मठांनी आणि कारागिरांनी मिळून जपलेली आहे.

आता या कथेची दुसरी बाजू. ती लपवली तर आम्ही वाचकांशी प्रामाणिक राहणार नाही. ही परिपूर्णता स्वस्तात मिळालेली नव्हती. रोबुशाँ यांचे स्वयंपाकघर अतिशय कडक शिस्तीचे होते. गॉर्डन रॅम्से हा पुढे नावारूपाला आलेला ब्रिटिश स्वयंपाकी तरुणपणी त्यांच्याकडे उमेदवारीला होता. झिंग्याचा एक पदार्थ त्याने नीट केला नाही आणि उद्धटपणे वागला म्हणून आपण त्याच्या अंगावर बशी फेकली, असे रोबुशाँ यांनीच एका मुलाखतीत सांगितले. ज्या हातांनी बटाटा इतक्या मायेने घोटला त्याच हातांनी माणसावर बशी भिरकावली. पदार्थाविषयीची काळजी माणसाविषयीच्या काळजीला गिळून टाकते तेव्हा असे होते. आमच्या धर्मगुरूंच्या जगातही हे घडते. वेदीवरच्या फुलांची जुडी वाकडी झाली म्हणून वेदीसेवक पोराला रडवणारे आम्ही पाहिले आहेत.

या क्षेत्राने आपली माणसेही खाल्ली. आलँ शापेल हे थोर स्वयंपाकी १९९० साली वयाच्या ५२ व्या वर्षी अकस्मात गेले. २००३ च्या फेब्रुवारीत बेर्नार ल्वाझो यांनी बर्गंडीतील आपल्या घरी आत्महत्या केली; तेही ५२ वर्षांचेच होते. एका मार्गदर्शिकेने त्यांचे गुण १९ वरून १७ वर आणले होते आणि त्यांची तिसरी मिशेलिन तारका जाणार अशी कुजबूज वर्तमानपत्रांत चालली होती. प्रत्यक्षात ती तारका गेली नव्हती. मनाचा आजार, कर्जाचे ओझे, अतिश्रम अशी अनेक कारणे त्यामागे होती. एका कारणावर बोट ठेवणे न्यायाचे नाही. अशा दुःखी जीवांना देव केवळ त्यालाच ठाऊक असलेल्या वाटेने तारू शकतो अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते. पण ज्याने हजारो लोकांना जेवू घातले त्याला आपली किंमत दोन गुणांनी कमी झाल्यासारखी वाटावी, ही गोष्ट आपण सर्वांनीच मनावर घेण्यासारखी आहे. आमच्या घरांतही दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री मुले जागी असतात.

रोबुशाँ यांनी हा धोका वेळीच ओळखला होता. १९९४ साली एका आंतरराष्ट्रीय वृत्तपत्राने त्यांच्या भोजनगृहाला जगातील सर्वोत्तम म्हटले. आणि १९९६ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांनी ते सोडले. आपले समव्यवसायी ताणाने आणि हृदयविकाराने अकाली जाताना त्यांनी पाहिले होते. पन्नाशीच्या सुमारास थांबायचे असे त्यांनी पूर्वीच ठरवले होते आणि ते पाळले. आपली जागा त्यांनी आलँ द्युकास यांच्याकडे सोपवली. शिखरावरून स्वतःच्या पायांनी खाली उतरणे किती कठीण असते हे आमच्या वयाच्या माणसांना सांगायला नको.

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू डोंगरावर शिष्यांना स्वर्गीय पित्याप्रमाणे परिपूर्ण व्हायला सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात तोच उपदेश येतो तेव्हा तेथे परिपूर्णतेच्या जागी दया हा शब्द आहे. सेमिनरीत ही दोन वचने शेजारी ठेवून आमच्या प्राध्यापकांनी समजावून दिले होते की, दुसरे वचन हा पहिल्याचा अर्थ आहे. दयेवाचून परिपूर्णता म्हणजे बशी फेकणारा हात. परिपूर्णतेची ओढ नसलेली दया म्हणजे करपलेली भाजी वाढून ‘चालते’ म्हणणे. दोन्ही हवीत.

निवृत्त झाल्यावर रोबुशाँ दूरचित्रवाणीवर आले. २००० सालापासून जवळजवळ दशकभर ते रोज दुसऱ्या एखाद्या स्वयंपाक्याला सोबत घेऊन सामान्य गृहिणींना साधे, स्वस्त पदार्थ शिकवीत. ज्यांना त्यांच्या भोजनगृहाची पायरी चढणे कधीच परवडले नसते त्या घरांत ते अशा रीतीने शिरले. २००३ साली ते पुन्हा व्यवसायात उतरले, पण वेगळ्या तऱ्हेने. टोकियो आणि पॅरिस येथे त्यांनी ‘आतलिए’ म्हणजे कार्यशाळा या नावाची भोजनगृहे उघडली. तेथे शुभ्र मेजपोस नव्हते. जपानमधील सुशीची दुकाने आणि स्पेनमधील साधे बार पाहून त्यांनी एक लांब फळी मांडली, तिच्याभोवती उंच बैठका ठेवल्या आणि फळीपलीकडे सर्वांच्या देखत स्वयंपाक सुरू केला. इतके दिवस भिंतीमागे राबणारा रांधणारा खाणाऱ्याच्या समोर आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मगुरूने लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करायला आरंभ केला तेव्हाचे दिवस आमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. उपमा ताणू नये हे खरे. पण हात दिसू लागले की विश्वास वाढतो, हे दोन्हीकडे खरे आहे.

एक प्रश्न मात्र उरतो आणि तो टाळता येत नाही. त्यांची अनेक भोजनगृहे लास वेगास आणि मकाव यांसारख्या ठिकाणी, जुगाराच्या महालांत होती. तेथील एका जेवणाच्या पैशांत आपल्याकडील एखाद्या कुटुंबाचा महिना निघेल. दारात लाझरस बसलेला असताना आत हे ताट वाढणे ख्रिस्ती मनाला रुचेल काय? आम्हांला ते रुचत नाही, हे सांगून टाकतो. पण हेही आम्ही विसरत नाही की, बेथानीला मरियेने किमती सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले तेव्हा गरिबांचा हिशेब मांडणारा यूदा होता, आणि प्रभूने त्याची बाजू घेतली नाही. सौंदर्याला किंमत असते. ती कोणासाठी मोजली हा खरा प्रश्न. रोबुशाँ यांच्या बाबतीत आम्ही एवढेच म्हणू: ज्या बटाट्यासाठी श्रीमंत समुद्र ओलांडून येत तो गवंड्याच्या घरचा बटाटा होता. त्याला त्यांनी लाजेने लपवले नाही.

६ ऑगस्ट २०१८ रोजी जिनिव्हा येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ७३. तो दिवस ख्रिस्तसभेत प्रभूच्या रूपांतराचा सण असतो. डोंगरावर प्रभूचे साधे कपडे शुभ्र झाले, त्याचा चेहरा उजळला; बदलली ती पाहणाऱ्यांची दृष्टी, प्रभू तर आधीपासूनच तो होता. रोजच्या वस्तूत दडलेले तेज दिसू लागणे, असा या सणाचा एक अर्थ आम्ही लावतो. स्वयंपाक्याच्या मृत्यूला तो दिवस शोभला.

शुभवर्तमानात प्रभूने स्वतः रांधल्याचा प्रसंग एकच आहे, आणि तो पुनरुत्थानानंतरचा आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तिबेरियाच्या सरोवराकाठी पहाटे कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकून थकून आलेले आहेत. त्यांच्यात पेत्र आहे. तो तीन वेळा नाकारून, पाचारणाकडे पाठ फिरवून पुन्हा होडीकडे परतलेला. प्रभूला त्याला विचारायचे बरेच होते, आणि ते त्याने विचारलेही. तीन वेळा विचारले. पण क्रम पाहावा. आधी त्याने सर्वांना न्याहारीला बोलावले, भाकर आणि मासे त्यांच्या हातांत दिले. त्यांचे खाणे झाल्यावर मग प्रश्न.

आपल्या धर्मग्रामांतून यापुढेही मुले सेमिनरीत जातील आणि त्यांतली काही परत येतील. ती ट्रंक घेऊन उतरतील त्या संध्याकाळी आपल्यापैकी कोणी तरी त्यांच्या घरी जावे. जाताना हातात डबा असावा. आणि ‘का आलास’ असे विचारण्याआधी ‘जेवलास का’ असे विचारावे.